उपेक्षेची वर्षं

“हे असं नव्हतं,” खुर्चीत बसल्या बसल्या विल्फ ट्रँटर म्हणाला.

“माहितीये, बाबा.” ग्लेंडा त्याची चाकांची खुर्ची ढकलत होती आणि चाकं खडीत रुतत होती. “फाटकाशी सांगितलंत, कारंज्याशी सांगितलंत. आता अख्ख्या ऑल्डरविक हॉलला कळलंय.”

“गुलाब इतके खेटून लावतात का कुणी? श्वास कुठून घ्यायचा त्यांनी?”

“तुम्ही घ्या जरा श्वास.”

विल्फनं या बागेत तीस वर्षं माळीकाम केलं होतं. आज शहाऐंशीव्या वर्षी तो पहिल्यांदाच तिकीट काढून आत आला होता. ऑल्डरविक हॉल ही हवेली विकली गेली, नव्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा शोधून काढला आणि त्याबरहुकूम बाग पुन्हा उभी केली. पेपरात फोटो आल्यापासून विल्फनं मुलीच्या मागे टुमणं लावलं होतं. तिनं रजा काढली, दोन तास गाडी चालवली. आल्यापासून एकही गोष्ट त्याला धड वाटली नव्हती. हिरवळ फार बारीक कापलेली. बाकं चुकीच्या तोंडाची. चहा पाणचट.

“परत म्हणून तुम्हाला कुठे आणणार नाही,” ग्लेंडा म्हणाली. पुढच्या वळणावर खुर्ची पुन्हा रुतली, तेव्हा ती हेच आणखी जोरात म्हणाली.

भाजीपाल्याच्या बागेला उंच विटांची भिंत होती. तिच्या दारातच एक मोठा फलक होता. ग्लेंडानं दम खायला खुर्ची तिथे थांबवली.

‘१९६१ ते १९९१. उपेक्षेची वर्षे. या तीस वर्षांत बागेकडे कुणीही फिरकले नाही.’ खाली फोटो होता. छातीएवढं रान, फुटक्या काचांचं रोपघर.

विल्फनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. ग्लेंडा त्याच्या तक्रारीची वाट बघत राहिली.

गळ्यात हिरवा रुमाल बांधलेली एक स्वयंसेविका हसतमुखानं पुढे आली. छातीवर नाव होतं, फिलिपा. “कल्पना करा, चारशे गाड्या तण निघालं इथून! तीस वर्षं माणसाचा हात नाही लागलेला.”

ग्लेंडानं आत पाहिलं. दक्षिणेकडच्या भिंतीला तारा ठोकल्या होत्या आणि तारांवर नाशपतीची नऊ झाडं हात पसरून उभी होती. बुंधे मांडीएवढे जाड. फांद्या मात्र पट्टीनं आखल्यासारख्या आडव्या, दोन्ही बाजूंना सारख्या. बहुतेकांच्या पानांत हिरवी फळं धरली होती.

“आणि ती?” तिनं विचारलं.

“ती तेवढी तगली. एवढ्या रानात, आपली आपण! निसर्गाची कमाल आहे, नाही?”

“चल, निघू या,” विल्फ हळूच म्हणाला.

“थांबा, बाबा.”

“चल म्हणतोय ना. ऊन लागतंय.”

ऊन नव्हतंच. सकाळपासून गुलाबांवरून, बाकांवरून, चहावरून भांडणारा माणूस आता आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. ग्लेंडानं खुर्चीचा ब्रेक लावला.

“सात माळी होते इथे,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला, तशी चार माणसं वळून बघायला लागली. “सहांना काढलं. उरला एक. कारंजं, रोपघर, फुलांचे ताटवे, एकट्यानं काय काय राखायचं? म्हणून त्यानं ही भिंत राखली, ऑगस्टातली छाटणी एकदाही चुकवली नाही. आपली आपण म्हणे! झाड असं आपलं आपण सरळ वाढतं का हो कधी?” तिनं खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. “हा बसलाय तुमचा निसर्ग. याचे गुडघे गेलेत, आणि सकाळपासून माझं डोकं खातोय.”

“ग्लेंडा!” विल्फ ओरडला.

फिलिपाचा चेहरा रुमालाच्या वर लालबुंद झाला. “पण आमच्या कागदपत्रांत...” ती म्हणाली. मग तिनं खिशातून पेन्सिल काढली, माहितीपत्रक उलटं केलं आणि खुर्चीसमोर वाकली. “आपलं पूर्ण नाव?”

“विल्फ्रेड ट्रँटर. आणि गुलाब फार खेटून लावलेत, तेही लिहून घ्या.”

तिनं तेही लिहून घेतलं. मग जरा घुटमळली. “मिस्टर ट्रँटर, एक विचारू? ते कोपऱ्यातलं शेवटचं झाड. आम्ही सगळं करून पाहिलं, पण त्याला फळच धरत नाही. त्याचं काय करायचं?”

विल्फनं डोळे बारीक करून कोपऱ्याकडे पाहिलं.

“त्याला कधीच धरलं नाही,” तो म्हणाला. “तीस वर्षांत एकदाही नाही.”

“मग तुम्ही त्याची छाटणी का करत होतात?”

विल्फ वैतागला. काय विचारतात ही माणसं, अशा नजरेनं त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

“का म्हणजे? ऑगस्ट यायचा ना दर वर्षी.”