फक्त हात

फोटोग्राफरने आवर्जून बोलावलं म्हणून हर्णै बंदरावरच्या नागूबाई नवं लुगडं नेसून रत्नागिरीच्या प्रदर्शनाला आल्या. पहिलं बक्षीस मिळालेल्या फोटोत जाळं विणणारे त्यांचे हात होते. चेहरा नव्हता.

"पोरा, माझं तोंड कुठं गेलं?"

"आजी, चेहऱ्यामुळे हातांवर नजर ठरत नव्हती. वरचा भाग कापला, तेव्हा कुठे फोटो उठून दिसायला लागला," तो उत्साहाने म्हणाला.

"उन्हात बसवून मला हसायला लावलंस, ते कापून टाकायला?"

तो काही बोलणार, तेवढ्यात एका वर्तमानपत्राचा बातमीदार कॅमेरा घेऊन आला. विजेत्याला त्याने फोटोशेजारी उभं केलं. "आजी, तुम्ही जरा बाजूला व्हा."

नागूबाई हलल्या नाहीत. उलट फ्रेमला पाठ लावून मधोमध उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले.

"काढ आता," त्या बातमीदाराला म्हणाल्या. "हात मिळायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात नागूबाई तोंडभर हसत होत्या. कडेला विजेत्याचा खांदा तेवढा दिसत होता.