फर्माईश

आमच्या बँडचं पहिलं गाणं आम्हीच नानाखेड्याला माझ्या खोलीत रेकॉर्ड केलं. संध्याकाळी नेटवर टाकायचं होतं. खिडकीला गादी लावलेली, पंखा बंद आणि खोलीत आम्ही तिघंच.

ऐकायला बसलो, तर गाणं संपल्यावर टाळ्या आल्या. शेकडो लोकांच्या. आमच्या कार्यक्रमाला आजवर सहाच्या वर माणूस आलेलं नाही.

"टाळ्या तू टाकल्यास?" मी आमच्या ड्रमरला, विहंगला विचारलं.

"नाही यार, सच्ची."

तेवढ्यात त्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आता 'देवास गेट' होऊन जाऊ दे!"

आमची गायिका देवश्री चपापली. "हे मी कुणाला ऐकवलेलंच नाहीये. अर्धंच लिहून झालंय."

गर्दी ते गाणं म्हणू लागली. देवश्री वहीतल्या ओळींवरून बोट फिरवत राहिली. बोट कोऱ्या कागदावर आलं, तरी गर्दी थांबली नाही.

"पेन दे," देवश्री पुटपुटली.