पुलापलीकडचं घर

"आता चौक लागंल. घड्याळापाशी थांब," कचरू फोनवर म्हणाला. "बारा वाजत आलं असतील तितं."

"बाबा, माझ्या कागदावर अजून तिसरंच ठिकाण चाललंय," मेघना म्हणाली. "तुम्ही पुढंच पळताय."

इकडं गावी, अंथुर्ण्यात, दुपारचे साडेतीन होत आले होते. मेघना कंपनीच्या कामाला प्राग शहरात गेली होती आणि रविवार म्हणून मोकळी होती. हॉटेलात मिळालेला नकाशा घेऊन, गाईड न लावता, ती एकटीच पायी जुनं शहर बघायला निघाली होती. नकाशात अकरा ठिकाणं होती, नंबर घातलेली, बाणांनी जोडलेली. पण खरी वाट तिचा बापच दाखवत होता. सदतीस वर्षांपूर्वी वालचंदनगरला कारखान्यात नोकरीला असताना त्याला सहा महिने तिकडं ट्रेनिंगला धाडलं होतं.

कचरूची बायको तुळसा उंबऱ्याशी शेंगा सोलत बसली होती. स्पीकर चालू होता. तिच्या कानातून एक शब्द सुटत नव्हता.

"घड्याळात एक हाडांचा सांगाडा हाय," कचरू म्हणाला. "दोरी वढतो आन मान हालवतो. जोतीरामला त्याचं लई हसू यायचं."

तुळसाचा हात थांबला. हे नाव या घरात कुणी घेत नसे.

जोतीराम तिचा धाकटा भाऊ. दाजी आणि मेहुणा एकाच खात्यात होते, दोघं बरोबरच ट्रेनिंगला गेले आणि कचरू एकटा परत आला. "सकाळी बघितलं तर त्याची खाट मोकळी," एवढंच त्यानं सांगितलं. तिकडच्या पोलिसांनी नदी धुंडाळली, काही हाती लागलं नाही. माहेरी कोऱ्हाळ्यात तुळसाच्या आईनं मरेपर्यंत जावयाच्या हातचं पाणी घेतलं नाही. तुळसानं मात्र संसार केला. विचारलं कधीच नाही.

विचारण्यासारखं तिच्यापाशी आणखीही होतं. जोतीराम गेल्यावर दीड वर्षानं क्वार्टरवर कचरूच्या नावानं परदेशाची पत्रं यायला लागली. पोस्टमन यायचा तेव्हा कचरू ड्युटीवर असायचा. तुळसाला इंग्रजी येत नव्हतं. पहिलंच पाकीट तिनं शेजारच्या कौसल्येला दाखवलं. पाठवणाऱ्याचं नाव वाचून कौसल्येनं पाकीट परत दिलं. मग म्हणाली, "बाईचं नाव हाय, वैनी. हाना."

तुळसानं ते पाकीट न फोडता बंबात घातलं. पुढं जे जे आलं तेही. कचरूला त्यातल्या एकाचाही पत्ता लागला नाही.

"बाबा, पुलावर आले," मेघना म्हणाली. "किती पुतळे आहेत हो. थांबा, फोटो काढते."

"मधी थांबू नगं."

"का?"

"म्हनलं ना. चालत ऱ्हा."

तुळसानं सूप बाजूला ठेवलं. कचरूच्या कपाळावर घाम आला होता. तिनं हळू आवाजात विचारलं, "पुलावर काय झालं हुतं?"

त्यानं तळहातानं फोन झाकला.

"तितं मी जोतीरामवर हात उचलला. त्याच्यानंतर मला तो दिसला न्हाय."

"कशापायी?"

कचरूनं मान खाली घातली. तुळसाला त्याच्या तोंडून ऐकायची गरजच राहिली नाही. एक बाई, दोन पुरुष आणि खाली नदी. इतकी वर्षं ती या माणसाला भाकरी वाढत आली होती.

"पूल संपला," मेघना म्हणाली. "आता सातवं ठिकाण. वर किल्ल्याकडं बाण आहे."

"वर जाऊ नगं," कचरू म्हणाला. "नकाशा पर्समधी ठेव. डाव्या हाताला खाली बोळ हाय. त्याच्या टोकाला पिवळं घर."

"तिथं काय आहे?"

"बघ तर खरं."

तुळसा उठून उभी राहिली. घरसुद्धा याच्या ध्यानात होतं. रंगासकट. फोनमधून दगडी फरशीवरची मेघनाची पावलं ऐकू येत होती. मग ती थांबली.

"पिवळंच आहे. दारावर पाटी आहे. हाना अमुकतमुक काहीतरी."

"मेघना, फिर माघारी," तुळसा म्हणाली. "ऐक माझं. त्या घरात पाऊल टाकू नगंस."

पण बेल वाजली होती. कचरूनं डोळे मिटून घेतले. दार करकरलं. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, मोडक्या इंग्रजीतला. मेघना काहीतरी सांगत होती, त्यात कचरूचं नाव आलं, वालचंदनगरचं आलं. बाईचा आवाज एकदम चढला आणि फुटला. पावलं आत गेली.

"बाबा," मेघना म्हणाली. "इथं भिंतीवर फोटो आहे, या म्हणतायत जोतीराममामाचा. पांढऱ्या मिशांचा, म्हातारा झालेला. या त्यांच्या मिसेस. मामा गेल्या वर्षी वारले."

कचरू भिंतीला धरून खाली बसला.

"जित्ता हुता," तो म्हणाला. "पोरीसाठी हितंच ऱ्हातो म्हनला, म्हनून मी त्याच्या थोबाडीत दिली. मागनं त्या पोरीच्या दारात इचारलं, तर आला न्हाय म्हनाली. मला वाटलं, माझ्यापायी पाण्यात गेला." आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा तो तुळसासमोर रडला.

तुळसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या छातीवरचा धोंडा उतरत होता.

"आई, ऐकतेस ना? या तुझंच विचारतायत," मेघना म्हणाली. "मामांचे कागद नव्हते, पोलिसांची भीती, म्हणून पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी ते यांचं नाव घालायचे. सात वर्षं घरी पत्रं लिहिली. शेवटपर्यंत म्हणत होते, दाजी रागावले असतील, पण माझी अक्का एक तरी ओळ धाडंल."