एकीने काय होतंय?

दोन हजार वेबसाइटवर दुकानाची लिंक लागली, की बिघडलेली श्रवणयंत्रं घेऊन गिऱ्हाईक रांग लावेल, असा मालकाचा हिशेब होता. तोवर लिंक एकच होती, कुणा निवृत्त बाईंनी आपल्या ब्लॉगवर आपणहून दिलेली.

"दाजी, एकीने काय होतंय? घाऊकच विकत घेऊ," मेहुणा म्हणाला.

घेतल्या. खर्च भागवायला यंत्रं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला घरी बसवलं.

विकतच्या बोगस लिंका सर्च इंजिनने पकडल्या आणि सर्चमधून दुकानाचं नावच उडालं. आता चुकूनमाकून कुणी आलं, तर त्या बाईंच्या लिंकवरूनच येतं, अन् दारातूनच परत फिरतं. वैतागून मालकाने ती लिंक पहिल्यांदाच उघडून वाचली.

"दुकानाचं सोडा. कोपऱ्यात ते म्हातारे कारागीर बसलेले दिसले, तरच आत जा."