दिवसातून दोनदा पूर

लेकाचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी समुद्रकाठची हवा सुचवली. गंगाखेडच्या घरी वैजीनाथराव बायकोला, कुमुदला, शंखबेटाचं माहितीपुस्तक रंगवून वाचून दाखवायला लागले: फिरंग्यांचा जुना किल्ला, दीपगृह, नारळीतले झोपाळे, शिंपल्यांचा बाजार. कुमुदची नजर मात्र भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर खिळली.

"अहो, तिथं पाणी दिवसातून दोनदा चढतं?"

"रोज."

"तेही चहूबाजूंनी?"

"बेटच आहे ते!"

"मग नको. लेकराला घेऊन मी काही पुरात जायची नाही."

गोदावरीच्या पुरानं तीनदा घर सोडायला लावलेल्या सासूबाई, दगडाबाई, डाळ निवडत सगळं ऐकत होत्या. आता त्या आपलीच बाजू घेणार, याची कुमुदला खात्री होती.

"पाणी माघारी जातंय का?" त्यांनी विचारलं.

"जातं की. तीही वेळ छापलीय इथं," वैजीनाथराव म्हणाले.

दगडाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"आपली गंगा कधी सांगून आली का? अन् आली तर आठ-आठ दिस हलली का? ह्यो समुद्र लय अदबीचा दिसायलाय. कुमुद, वळकट्या बांध. मीबी येते."