खंडेनवमीची माळ

मोटारसायकलवरच्या दोघांनी घाटात आमची गाडी थांबवली, तेव्हा मला आतून आनंदच झाला. कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर लावून वर्षानुवर्षं गाडी चालवतोय, पण आजवर मला धमकी दिली ती फक्त डायबेटिसच्या डॉक्टरांनी.

"अहो, गप बसा," शेजारून बायको म्हणाली. मी पोट आत घेतलं आणि सीटबेल्टखालून हत्यार ओढून काढलं. नळीला कुंकू, चापाला झेंडूची माळ! खंडेनवमीची पूजा सकाळीच झाली होती. माळ लगेच काढायची नसते, म्हणून मी ते तसंच खोचलं होतं. आता बोट काही चापापर्यंत पोचेना.

तोवर त्यांच्यातला एकजण खिडकीशी आला. "काकू, पदर दाराबाहेर राहिलाय, चाकात जाईल." मग त्याला माझा हात दिसला. तो दचकला. माळ पाहून त्याने चपला काढल्या, रिव्हॉल्व्हरला नमस्कार केला आणि गेला.

मी रिव्हॉल्व्हर मांडीवर ठेवलं. "अगं, चुकून गोळी सुटली असती तर?"

"कशी सुटेल? गोळ्या देवघरात आहेत, गणपतीच्या मागे," बायको पदर आत ओढत म्हणाली. "तुम्हाला परवाना मिळाला, त्या दिवसापासून."