पलीकडचा डोह

माणसाची पारख त्याच्या काठीवरून होते, असं मी स्पे नदीवर गळाने सॅमन मासे धरायला येणाऱ्यांना चाळीस वर्षं ऐकवत आलोय. मग दुकानात जी काठी पडून असेल, ती त्यांच्या गळ्यात मारत आलोय.

काल ऊना आली. तिचा नवरा टॉर्किल जाऊन महिना झाला.

"भावजी, पलीकडच्या काठाच्या डोहात पोचेल अशी काठी, रीळ, दोरी द्या."

"वहिनी, तिथे टॉर्किलची दोरी तीस वर्षांत पोचली नाही. मासा किती वजनाचा धरायचाय?"

"मासा नाही." तिने काउंटरवर एक पुरचुंडी ठेवली. "यांची राख आहे. त्याच डोहात टाक म्हणाले होते."

"अहो, पुलावरून चालत जा की पलीकडे."

"मीही तेच म्हणाले. तर म्हणे, ती लबाडी होईल."

आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला दुकानातली सगळ्यात चांगली काठी काढून दिली. रीळ बसवलं, दोरी ओवली आणि पुरचुंडी टोकाला बांधायला घेतली.

"एवढं करा," ऊना हळूच म्हणाली, "गळ तेवढा लावू नका. दोरी फेकताना त्यांचा कान दोनदा फाटलाय."